सोलापुरात सगळीकडं एकच काळा दगड, मग भूशास्त्र शिकायचं कसं?

प्रश्न थोडक्यात असा आलाय: बीएस्सीच्या पहिल्या वर्षाला जिऑलॉजी घेतलीय, राहायला सोलापुरात, अग्निजन्य, स्तरित, रूपांतरित हे तीन प्रकार पाठ झालेत पण हातात दगड दिला की काही सुचत नाही, आणि आपल्याकडं डोंगर नाही, समुद्र नाही, जिकडं बघावं तिकडं तोच काळा दगड आणि काळी माती, तर इथं राहून शिकण्यासारखं काय आहे आणि सुरुवात कुठून करू? मी भूजलाच्या कामात बरीच वर्षं काढलीत, विहिरी आणि बोअर बघत जिल्हा फिरलोय, मुलांना फील्डवर घेऊन जातो, त्यामुळं जरा लांबच उत्तर देतो, सावकाश वाच.

आधी हे डोक्यातून काढ की एकच दगड म्हणजे शिकायला काही नाही. जिथं दहा जातीचे दगड असतात तिथं विद्यार्थी नुसती नावं लावत बसतो. इथं नाव एकच, बेसाल्ट. म्हणजे दोन ठिकाणचे दगड वेगळे दिसले तर तो फरक जातीचा नाही, त्या दगडाचं पुढं काय झालं त्याचा आहे. तो भरभर थंड झाला का सावकाश, त्यात वायू किती होता, पाणी कुठून शिरलं, उन्हापावसात किती काळ पडून राहिला. हे वाचता यायला लागलं की तुला जमीन, नदी, टेकडी, विहीर सगळं त्याच हिशोबात बसवता येतं, आणि माझ्या मते भूशास्त्राचा खरा अभ्यास हाच आहे, नावं काय, ती सवयीनं येतात.

आता हा बेसाल्ट आला कुठून. साधारण ६.६ कोटी वर्षांपूर्वी जमिनीला लांबच लांब भेगा पडून त्यातून अकराशे-बाराशे अंश सेल्सिअसचा पातळ लाव्हा बाहेर आला आणि पसरत गेला. चित्रात दाखवतात तसा एक शंकूचा ज्वालामुखी इथं नव्हता, सोलापूरच्या आसपास असला डोंगर शोधत बसू नकोस. लाव्हा यायचा, थंड व्हायचा, मध्ये काही काळ शांत, मग परत पुढचा थर, अशी ही भाकरीची चवड लागत गेली. बहुतेक लाव्हा दहा लाख वर्षांच्या आसपास येऊन गेला असं आता मानतात, पृथ्वीचं वय ४५४ कोटी वर्षं धरलं तर हे फारच थोडक्यात उरकलं म्हणायचं. आज उरलेलं क्षेत्र सुमारे ५ लाख चौरस किलोमीटर आहे, डेक्कन ट्रॅप म्हणून तू वाचलेलं ते हेच. पश्चिमेला सह्याद्रीकडं ही चवड खूप जाड, पूर्वेकडं पातळ होत जाते. किती पातळ त्याचा आपल्या शेजारचा पुरावा आहे: १९९३ च्या भूकंपानंतर किल्लारीला खोल बोअर घेतलं, त्यात ३३८ मीटर बेसाल्ट लागला, त्याखाली थोडासा गाळाचा थर, आणि त्याखाली ग्रॅनाईटच्या जातीचा फार जुना पाया. सोलापूर म्हणजे या चवडीच्या पूर्वेच्या बाजूचं गाव, तिची कड इथनं फार लांब नाही, त्या कडेवर पुढं येतो.

या चवडीतला एक थर नीट बघायला शिक, मग बाकीचं आपोआप येतं. एका प्रवाहाच्या, म्हणजे लाव्हाच्या एका थराच्या, वरच्या भागात वायूचे बुडबुडे अडकतात, त्यामुळं तिथला दगड भोकाभोकाचा. मधला भाग सावकाश थंड होतो म्हणून घट्ट, काळा, जड, आणि थंड होताना आकसला की उभ्या भेगा पडतात, कधी कधी छान खांब तयार होतात. खाली बुडाला परत थोडी भोकं, काही वेळा नळीसारखी उभी. आणि दोन प्रवाहांच्या मध्ये बऱ्याच ठिकाणी लाल विटकरी मातीचा थर असतो, वीतभर असेल नाहीतर दोन-तीन फूट. तो लाल थर दिसला की तिथं थांबायचं. खालचा दगड काही काळ उघडा पडलेला होता, त्याची माती झाली, आणि मग वरून नवा लाव्हा आला, एवढं सगळं त्या एका पट्ट्यात आहे. पुस्तकात कालक्रम हा शब्द येतो ना, तो इथं बोट ठेवून दाखवता येतो.

भोकं पुढं रिकामी राहिली नाहीत. दगडातून गरम पाणी फिरत राहिलं आणि त्यानं भोकांत खनिजं आणून बसवली. पांढरी दिसली की सगळेच गारगोटी म्हणतात पण तसं नाही. चाकूनं ओरखडा उमटतोय का बघ. उमटला आणि ओरखड्याच्या पुडीवर लिंबू पिळल्यावर फसफसलं तर कॅल्साइट. उमटला पण फसफसलं नाही आणि मोत्यासारखी चमक, पंख्यासारखे नाहीतर पात्यांसारखे स्फटिक असतील तर बहुतेक झिओलाइट, म्हणजे स्टिल्बाइट किंवा ह्युलँडाइट. चाकू नुसता घसरला आणि उलट त्या खड्यानं काचेवर ओरखडा पडला तर क्वार्ट्झच्या घरातलं, गारगोटी नाहीतर अकीक. भोकाच्या आतून हिरवट लेप असला तर तेही टिपून ठेव. झिओलाइट आणि त्यांच्या बरोबरीनं सापडणारं अपोफिलाइट पुणे, नाशिक, जळगाव या पट्ट्यातनं जगभरच्या संग्रहालयांत गेलंय, आपल्याकडं तेवढे मोठे स्फटिक सहसा मिळत नाहीत पण शिकायला नखाएवढा तुकडा पुरतो.

बघायला जायचं कुठं? सगळ्यात जवळ भुईकोट किल्ला. तटाचे दगड घडीव आहेत, निवांत एकेक दगड बघत चाल, घट्ट कुठला, भोकाचा कुठला, कुठल्याचा पृष्ठभाग पापुद्रे सुटून गेलाय. तिथं हातोडा काढायचा नाही, ओरखडासुद्धा काढायचा नाही, फक्त डोळे आणि भिंग. मग तुळजापूरचा घाट. सोलापूर समुद्रसपाटीपासून साडेचारशे मीटरच्या वर आहे आणि तुळजापूर साडेसहाशेच्या आसपास, म्हणजे घाट चढताना तू बालाघाटच्या कडेवरून प्रवाहामागून प्रवाह ओलांडत जातोस. रस्ता कापलेल्या जागी उतरून बघ, पण वळणावर उभं राहू नकोस, गाड्या जोरात येतात. लांबून बघितलं तर डोंगराची बाजू पायऱ्यापायऱ्यांची दिसते आणि माथा सपाट. कारण परत तेच, घट्ट मधला भाग झिजत नाही म्हणून त्याचा कडा उभा राहतो, वरचा भोकाचा आणि लाल मातीचा भाग लवकर झिजतो म्हणून तिथं उतार. माथा सपाट कारण वर एखादा घट्ट थर टिकून राहिलाय. म्हणजे सपाट डोक्याची टेकडी दिसली की तिच्या डोक्यावर काय असणार हे चढायच्या आधी सांगता आलं पाहिजे, आणि मग चढून खरं खोटं करायचं. हैदराबाद रोडनं नळदुर्गला गेलास तर बोरी नदीच्या वळणातला किल्ला आहे, चांगला पाऊस झाला की पाणीमहालावरनं धबधबे पडतात, सगळे तेच बघायला जातात, तू नदीनं कापलेली काळ्या दगडाची भिंत बघ.

माती. हे आपल्या भागाचं खरं वैभव आहे आणि जिऑलॉजीची मुलं मातीकडं बघतच नाहीत, ती शेतकीवाल्यांची म्हणून सोडून देतात, मला हे कधीच पटलेलं नाही. काळी माती म्हणजे कुजलेला बेसाल्टच. भेगांमधून पाणी शिरतं, दगडाच्या ठोकळ्याचे कोपरे आधी झिजतात, गोल गोटे राहतात आणि त्यांचे पापुद्रे सुटत जातात, मग त्याचा मुरूम होतो, आणि मुरमाची पुढं चिकण माती होते. हे सगळे टप्पे नव्या खोदलेल्या विहिरीत किंवा शेततळ्याच्या कडेला एका नजरेत दिसतात. या मातीत जे चिकण खनिज असतं, स्मेक्टाइटच्या गटातलं, ते पाणी घेतलं की फुगतं आणि वाळलं की आकसतं. म्हणून एप्रिल-मे मध्ये शेतात हात जाईल एवढ्या भेगा, म्हणून पाया उथळ असलेल्या घरांच्या भिंतींना तिरक्या चिरा, आणि म्हणून आपल्याकडं घर बांधताना मुरूम लागेपर्यंत खोदा असं जुनी माणसं सांगतात, ते अगदी बरोबर आहे.

आता हीच माती जागेप्रमाणं कशी बदलते बघ, कारण इथं भूरूप आणि माती एकत्र शिकता येते. टेकाडावर पाणी माती धुऊन नेतं, तिथं वीतभर मुरमाड जमीन. उतारावर मध्यम. नदीकाठी सखल भागात धुऊन आलेलं सगळं साठतं, तिथं भारी काळी, कित्येक फूट खोल. दगड एकच, पाऊस जवळजवळ तोच, फरक फक्त उताराचा. मंगळवेढ्याचं शिवार त्या भारी जमिनीसाठी प्रसिद्ध, पावसाळ्यात मुरलेल्या ओलीवर थंडीतली मालदांडी ज्वारी तिथं पाणी न देता येते आणि मंगळवेढ्याच्या ज्वारीला २०१६ मध्ये जीआय मानांकन मिळालं. त्याच साली सोलापूरच्या डाळिंबालाही मिळालं, आणि डाळिंबाला नेमकं उलटं लागतं, पाणी न साचणारी हलकी मुरमाड जमीन, म्हणून सांगोल्याच्या माळरानावर ते फुललं. भाकरी आणि डाळिंब दोन्ही त्याच बेसाल्टचे. तुझ्या गावाच्या आसपास टेकडीपासून ओढ्यापर्यंत सरळ रेषेत चालत जा, थोड्या थोड्या अंतरावर मातीची खोली, रंग, पिकं लिहीत जा, वहीच्या एका पानात जो छेद, म्हणजे जमीन उभी कापली तर कशी दिसेल त्याचं चित्र, तयार होईल तो कुठल्याही पुस्तकातल्या आकृतीपेक्षा तुझ्या जास्त उपयोगाचा.

मातीत पांढरे खडे सापडतील, चुनखडी. दगडात कॅल्शियम आहेच, ते पाण्यात विरघळून खाली जातं, आणि आपल्याकडं ऊन जास्त, पाऊस कमी, त्यामुळं ते धुऊन न जाता तिथंच गोळा होतं. पाऊस कमी कारण सह्याद्रीनं ढग आधीच अडवलेले, महाबळेश्वरला पडतो त्याच्या जेमतेम दहावा हिस्सा सोलापूरला. म्हणजे शेतातल्या त्या पांढऱ्या खड्याचं कारण सांगायला तुला पार घाटमाथ्यापर्यंत जावं लागतं.

बाकीचे दोन प्रकार, स्तरित आणि रूपांतरित, कुठं बघायचे? घरात. शहाबादी फरशी आपल्याकडं कुणाच्या घरात नाही सांग. ती शहाबादहून येते, सोलापूरहून वाडीकडं रेल्वेनं जाताना लागतं ते शहाबाद, आणि तो चुनखडक आहे, उथळ समुद्राच्या तळाशी साठलेला, म्हणून थरांवर सपाट सुटतो, म्हणून तर फरशी होते. मघाशी चवडीची कड म्हणालो ती इकडंच. आपली भीमा सोलापूर सोडून कर्नाटकात जाते, तिकडं बेसाल्ट पातळ होत होत संपतो आणि त्याच्या खालचा हा कितीतरी पटीनं जुना दगड उघडा पडतो. त्यामुळं तू घरात ज्याच्यावर पाय ठेवून उभा आहेस तो दगड बाहेरच्या काळ्या दगडापेक्षा जुना आहे, आणि किल्लारीच्या बोअरचा हिशोब आठव, जुनं खाली, नवं वर, हा नियम इथं आडव्या प्रवासात पण दिसतो.

स्वयंपाकघरातला कडप्पा पण चुनखडकच, आंध्रातला, काळा असला तरी बेसाल्ट नाही. कुणी लिंबू कापून ओट्यावर ठेवलं की डाग का पडतो, आई का ओरडते, याचं उत्तर तुझ्या पहिल्या वर्षाच्या सिलॅबसमध्ये आहे, आम्ल आणि कार्बोनेट. जुन्या फरशीचा फुटका तुकडा घे, खिळ्यानं खरवड, त्या पुडीवर लिंबू पिळ आणि कानाजवळ धर, बारीक फसफस ऐकू येते. पाटा-वरवंटा किंवा जात्याच्या दगडावर हेच कर, काही होणार नाही, झालंच तर भोकातल्या पांढऱ्या खड्यावर होईल. बाथरूम साफ करायचं ॲसिड यासाठी वापरू नकोस, काही गरज नाही, लिंबानं काम होतं. देवघरातला संगमरवर म्हणजे चुनखडकच जमिनीत खोल दाबानं आणि उष्णतेनं परत स्फटिक होऊन बदललेला, तोच रूपांतरित, त्याची फुटकी कड भिंगातून बघ, साखरेसारखे चमकणारे कण दिसतील आणि लिंबू त्याच्यावरही चालतं. ग्रॅनाईटच्या ओट्यावर कण डोळ्यानं मोजता येतात एवढे मोठे, कारण तो जमिनीच्या आत सावकाश थंड झाला, आणि बेसाल्टचे कण दिसत नाहीत कारण तो वर येऊन भरभर थंड झाला. दोन्ही अग्निजन्य. एक सांगून ठेवतो, दुकानात काळा ग्रॅनाईट म्हणून जे विकतात ते बहुतेक वेळा ग्रॅनाईट नसतं, डोलेराइट किंवा गॅब्रो असतं, बेसाल्टचाच नातेवाईक. दुकानदाराशी भांडू नकोस, धंद्यात तेच नाव चालतं, पण तुझ्या वहीत बरोबर नाव लिही.

वजनाची एक युक्ती. किचनमधला डिजिटल काटा घे, त्यावर पाणी भरलेलं पातेलं ठेवून शून्य कर, दगड दोऱ्याला बांधून पाण्यात पूर्ण बुडव पण तळाला टेकू देऊ नको. काटा जेवढे ग्रॅम दाखवेल तेवढे त्या दगडाचे घन सेंटिमीटर. कोरडं वजन त्यानं भाग, घनता आली. घट्ट बेसाल्ट २.९ च्या आसपास यायला पाहिजे, ग्रॅनाईट आणि चुनखडक २.७ च्या जवळ, आणि भोकाचा बेसाल्ट भोकं रिकामी असतील तर कमी. खर्च शून्य आणि दगड हातात घेऊन जड-हलका सांगायचा अंदाज यातनंच तयार होतो.

नदीसाठी पंढरपूरला जा, वारीच्या गर्दीत नको, उन्हाळ्यात पाणी कमी असताना. भीमेला तिथं चंद्रभागा म्हणतात ते तिच्या चंद्रकोरीसारख्या वळणावरनं. वळणावर बाहेरच्या काठाला पाण्याचा जोर जास्त, तो काठ कापला जातो, आतल्या काठाला जोर कमी, तिथं वाळू साठते. उपग्रहाच्या चित्रावर आधी ओळख की कुठला काठ कापला जातोय आणि मग जागेवर जाऊन पडताळ. वाळवंटातली चिमूटभर वाळू भिंगाखाली धर. काळे करडे कण बेसाल्टचे, पांढरे कॅल्साइट आणि झिओलाइटचे, मध्येच एखादा लालसर अर्धपारदर्शक कण अकिकाचा. तू टेकडीवर भोकात बघितलेलीच खनिजं झिजून इथं आलीत. तिथनं जमलं तर हत्तरसंग कुडलला जा, सीना आणि भीमेचा संगम, शके ९४० चा मराठी शिलालेख तिथंच आहे, तोही बघ, पण संगमावर दोन नद्यांचं पाणी कुठल्या रंगाचं येतंय, गाळ कुठं बसतोय हे पण टिपून घे. पावसाळ्यात संगमावर पाण्यात उतरायचं नाही. वाळू उपशानं पात्रात खड्डे झालेत, वरून कळत नाहीत, दरवर्षी माणसं जातात.

आता माझ्या कामाचा विषय, पाणी. आपल्याकडं प्रत्येक घरात एकतरी असा किस्सा असतो की एकाच्या विहिरीला मेमध्ये पाणी आणि शेजारच्याची बोअर कोरडी गेली. घट्ट बेसाल्टमध्ये स्वतःची पाणी धरायची जागा जवळजवळ नाही. पाणी राहतं ते मुरमात, भेगांत, भोकाच्या दगडात तो कुजलेला असेल तर, आणि दोन प्रवाहांच्या सांध्यात. म्हणजे पाणी सगळीकडं सारखं पसरलेलं नाही, ठराविक पातळ्यांवर आहे. साधी उघडी विहीर या सगळ्या पातळ्यांतनं पाणी घेते म्हणून आपल्या दगडात ती शहाणपणाची गोष्ट आहे, आणि नुसतं खोल खोल बोअर मारत गेलं की जास्त पाणी लागेल हा समज कित्येक कुटुंबांना कर्जात घेऊन गेलाय. हे मी बांधावर उभं राहून बघितलंय, म्हणून जरा कळकळीनं सांगतोय. नारळ हातावर धरून जागा दाखवणारी माणसं शेतकऱ्याला सहज भेटतात, भूशास्त्र शिकलेला माणूस भेटत नाही, ही आपली कमतरता आहे आणि ती तुमच्या पिढीनं भरून काढावी.

तुझ्यासाठी यातला अभ्यास असा. जवळच्या कठड्याच्या पक्क्या विहिरीवर मालकाला विचारून, कठड्याच्या बाहेर उभं राहून, आतल्या भिंतीचा छेद काढ. वरनं काळी माती किती हात, मुरूम किती, फुटका दगड किती, घट्ट पाषाण कुठनं सुरू होतो, आणि झरे नेमके कुठल्या पातळीवर आहेत. जानेवारीत आणि मेमध्ये परत जाऊन पाण्याची पातळी दोरीनं मोज. भूजल सर्वेक्षण यंत्रणा पण ठराविक निरीक्षण विहिरींवर हेच करते, वर्षातनं चार वेळा. गावात बोअरची गाडी आली की रात्र असली तरी जा, धुळीपासनं लांब, तोंडाला रुमाल बांधून. प्रत्येक रॉड उतरला की बाहेर पडणारी भुकटी मूठभर पिशवीत घे, वर खोली लिही. काळी करडी भुकटी म्हणजे घट्ट, करडी आणि त्यात पांढरे हिरवट कण म्हणजे भोकाचा, एकदम लाल झाली म्हणजे दोन प्रवाहांमधला मातीचा थर लागला. शेजारच्या दोन बोअरच्या पिशव्या जमिनीवर रांगेत लाव, लाल थर कुठल्या खोलीवर येतो ते जुळव, जमिनीखालचा नकाशा तुझ्या डोळ्यासमोर उभा राहतो. मला सगळ्यात जास्त आनंद देणारं काम हेच आहे.

भूकंपाचं थोडक्यात. ३० सप्टेंबर १९९३, पहाटे चारच्या सुमारास, गणपती विसर्जन करून लोक झोपलेले, किल्लारी-सास्तूर भागात ६.२ तीव्रतेचा धक्का, दहा हजारांच्या आसपास माणसं गेली. सोलापुरातही लोक घराबाहेर पळाले होते, घरातल्या मोठ्यांना विचार. दख्खन स्थिर आहे असं समजलं जायचं, त्या समजाला त्या रात्री धक्का बसला. हालचाल झाली ती भूपट्टाच्या कडेला नाही, मध्यभागी, आणि तीही कमी खोलीवर. माणसं जास्त गेली ती घरांमुळं, मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती आणि वर मातीचं जड धाबं. दगड आपलाच, पण तो एकमेकांना धरून ठेवणाऱ्या जोडाशिवाय रचला होता. तुझ्या मित्रांपैकी जो सिव्हिलला असेल त्याच्याबरोबर बसून हा विषय वाच.

सामानाचं म्हणशील तर दहापट मोठं दाखवणारं भिंग पहिलं घे, हातोडा नंतर. भिंग डोळ्याला चिकटवून दगड जवळ आणायचा, लांबनं नाही. चाकू, काचेचा तुकडा, लिंबू, फूटपट्टी, पेन्सिल आणि कडक पुठ्ठ्याची वही. दगड नेहमी ताज्या फुटलेल्या बाजूनं बघायचा, वरची साल फसवते, बेसाल्टची साल तपकिरी असते आणि आतनं काळा निघतो. फोटो काढताना शेजारी पेन नाहीतर नाणं ठेव, नाहीतर भोक मुठीएवढं होतं का मुगाएवढं हे तुलाच आठवणार नाही. फोटो असला तरी चित्र हातानं काढच, काढताना जे दिसतं ते फोटोत नुसतं बघून दिसत नाही. दगडखाणीत मालकाच्या परवानगीशिवाय आणि सुरुंगाच्या वेळी जाऊ नको, कड्याखाली उभं राहू नको, एकटा जाऊ नको. खाणीवर जे घण घालणारे, छिन्नी चालवणारे लोक असतात त्यांच्याशी बोल, कुठल्या बाजूनं दगड सुटतो, कुठला वाजतो आणि कुठला बसका आवाज करतो हे त्यांना आपल्यापेक्षा चांगलं कळतं.

आणि एक, रेल्वे लाईनच्या कडेला किंवा जुन्या मिलच्या भागात हलका, भोकाभोकाचा, काचेसारखा चमकणारा काळा तुकडा मिळाला तर तो लाव्हा म्हणून आणू नकोस, बॉयलरमधल्या कोळशाचा क्लिंकर, म्हणजे राख वितळून झालेला गोळा, असतो तो. दरवर्षी एकजण तरी आणतोच. ओळखायची खूण, बेसाल्टच्या भोकांत बऱ्याचदा काही ना काही खनिज असतं, क्लिंकरची भोकं कोरी असतात आणि कडा धारदार.

नकाशांसाठी भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचं भूकोश पोर्टल आणि इस्रोचं भुवन, दोन्ही फुकट आहेत, आधी तुझ्या तालुक्यापुरतं उघड. सोलापूर जिल्हा भूकोशवर जवळपास सगळा एकाच रंगात दिसेल, घाबरू नको, तोच रंग पूर्वेकडं कुठं संपतो ते शोध आणि तिथं शहाबादचं नाव येतं का बघ. सोलापूर विद्यापीठात भूशास्त्राचा विभाग आहे, तिथं जाऊन पातळ छेदाच्या काचा, म्हणजे दगडाचा अगदी पातळ काप चिकटवलेल्या काचा, सूक्ष्मदर्शकाखाली दाखवा म्हणून विनंती कर, शिक्षक मंडळी उत्सुक मुलाला नाही म्हणत नाहीत. पुढं एमएस्सीला आयआयटीत जायचं असेल तर जॅमची परीक्षा, त्यात जिऑलॉजीचा पेपर असतो, आणि एमएस्सीनंतर यूपीएससीची जिओ-सायंटिस्ट परीक्षा, तिथनं भूवैज्ञानिक सर्वेक्षणात आणि केंद्रीय भूजल मंडळात जाता येतं. पण त्याला वेळ आहे. आत्ता दिवाळीच्या सुट्टीत एक विहीर आणि एक टेकडी ते ओढा असा छेद काढून ठेव, पाऊस नुकताच संपलेला असतो, झरे चालू असतात, भिंतीवरची ओल कुठल्या थरातून येते ते त्याच दिवसांत सगळ्यात स्पष्ट दिसतं. छेद काढलास की त्यावर खोली आणि दिशा लिहून पाठव, अडलं असेल तिथं प्रश्नचिन्ह टाक, मी बघून सांगतो.